केमन ९८७ च्या कॉइलओव्हरला स्प्रिंग किती लांब आणि किती कडक? (नाशिकचे रस्ते धरून सांगा)

गंगापूररोडकर
राम राम मंडळी. गाडी २००८ ची पोर्शे केमन एस, ९८७ (त्या पिढीचा कोड), सेकंडहँड घेतलीय. आधीच्या मालकाने कॉइलओव्हर किट (डॅम्पर म्हणजे शॉकअप, त्याच्याभोवतीच स्प्रिंग, उंची बदलता येते) टाकलेलं होतं ते तसंच गाडीबरोबर आलं. डॅम्पर ठणठणीत आहेत, गळती नाही, पण स्प्रिंगा सरळ सरळ ट्रॅकवाल्या आहेत. रेट म्हणजे कडकपणा पुढे ८ किलो प्रति मिमी (एक मिमी दाबायला ८ किलो), मागे १०, चारही १५० मिमी लांब, आतला व्यास ६०.

त्रास असा की गंगापूर रोडवर स्पीडब्रेकर आला की मान हलते, ते एक वेळ ठीक, पण पाथर्डी फाट्याच्या सर्व्हिस रोडला चाक खड्ड्यात उतरलं की पुढून धातूवर धातू आपटल्यासारखा टक् आवाज येतो. बुश, बॉल जॉइंट, टॉप माउंट सगळं तपासून झालं, काही सापडलं नाही. एक गॅरेजवाला म्हणतो लांब स्प्रिंग टाका म्हणजे गाडी उचलेल, दुसरा म्हणतो कॉलर (स्प्रिंगखालची, आट्यांवर फिरणारी बैठक) वर फिरवून प्रीलोड द्या (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवा) म्हणजे आवाज जाईल आणि गाडी मऊपण होईल. दोघांचं एकमेकांशी काही जुळेना.

वापर म्हणाल तर रविवारी सकाळी कसारा नाहीतर सापुतारा, समृद्धीवर एखादी चक्कर, आणि जमलं तर कोइमतूरला ट्रॅक डे. रोज ऑफिसला नेत नाही. तर रेट किती घेऊ आणि लांबी किती?

नाना_सातपूर
पोरा, ओरिजिनल स्प्रिंगा आणि शॉकअप टाक आणि सुखाने जग. नाशकात असली गाडी खाली करून चालवायची म्हणजे दर पावसाळ्यानंतर बंपर बदलायचा.

गंगापूररोडकर
नाना ओरिजिनल पार्ट आधीच्या मालकाने विकून टाकले. नवीन चारही कोपऱ्यांचा खर्च विचारला आणि फोन ठेवून दिला. नुसत्या स्प्रिंगा बदलणं त्याच्या एका तुकड्यात बसतं.

सई_के
दुसऱ्या गॅरेजवाल्याचं आधी बाजूला ठेवू. प्रीलोडने स्प्रिंग मऊही होत नाही आणि कडकही होत नाही, सरळ गुंडाळीच्या स्प्रिंगचा रेट तोच राहतो. ४ किलोची स्प्रिंग १० मिमी आधीच दाबून बसवली तर फक्त एवढंच होतं की पहिले ४० किलो वजन येईपर्यंत ती हलत नाही. गाडीचं वजन त्याच्या कितीतरी पट आहे, म्हणजे गाडी जमिनीवर उभी राहिली की स्प्रिंग तेवढीच दबलेली असते जेवढी दबायची असते. बदलते ती उंची, आणि तीसुद्धा कॉलरवरूनच उंची ठरत असेल तर. ज्या किटमध्ये खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो त्यात उंची ब्रॅकेटने लावतात आणि प्रीलोडला हात लावायचा नसतो. तुमचं किट कुठल्या प्रकारचं?

पहिला गॅरेजवाला अर्धा बरोबर आहे, पण चुकीच्या कारणासाठी. लांबी उंचीसाठी निवडत नाहीत. उंची कॉलरने मिळते. लांबी निवडायची ती चाकाला वरखाली जायला जागा किती लागते त्यावरून, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबली तरी गुंडाळ्या एकमेकींना चिकटू नयेत आणि चाक पूर्ण खाली लोंबकळलं तरी स्प्रिंग सैल होऊ नये. तुमचा टक् आवाज मला या दुसऱ्या भानगडीचा वाटतोय.

आकडे द्या. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वेगवेगळं वजन, आणि गाडी उभी असताना डॅम्परचा दांडा बफरपासून (प्रवास संपताना धक्का झेलणारा मऊ ठोकळा) किती उघडा आहे आणि जॅकवर उचलल्यावर किती.

गंगापूररोडकर
किट कॉलरवालं आहे, खालचा ब्रॅकेट फिक्स. वजन कुठे करणार? कॉर्नर स्केल (प्रत्येक चाकाखाली ठेवायचा काटा) नाशकात माझ्या माहितीत कोणाकडे नाही.

द्राक्षबागायतदार
पिंपळगावला या ना राव. वजनकाट्यावर आधी पुढची चाकं चढवा, पावती घ्या, मग मागची. टोमॅटोच्या पिकअपच्या रांगेत केमन, फोटो मात्र टाका इथे 😄

गंगापूररोडकर
झालं! काटेवाला म्हणाला माल कुठाय. मी आत बसून, टाकी जवळपास फुल. पुढे ६५०, मागे ७९०. काटा १० किलोच्या टप्प्यात दाखवतो त्यामुळे पाच-दहा इकडेतिकडे धरा.

दांड्याचं माप: पुढे गाडी उभी असताना बफरपर्यंत ४५ मिमी मोकळे, बफर चेपून आणखी २० मिळतील असं धरलंय. उचलल्यावर दांडा अजून ४५ बाहेर येतो. मागे बफरपर्यंत ४०, बफर २०, आणि खाली ५०.

सई_के
मस्त, याच्यावर सगळं निघतं. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पुढे एका चाकावर ३२५, मागे ३९५. त्यातून चाक, टायर, डिस्क, कॅलिपर, नकल यांचं वजन वजा करायचं कारण ते स्प्रिंगच्या खाली असतं. मी ४५ धरते. उरले पुढे २८० आणि मागे ३५०. ९८७ ला चारही बाजूंना मॅकफर्सन स्ट्रट (डॅम्पर-स्प्रिंगचा खांब थेट चाकापाशी जोडलेला) आहे त्यामुळे चाक आणि स्प्रिंग जवळपास सारखंच हलतात, स्ट्रट थोडा कलता म्हणून रेशो (चाक एक मिमी हललं की स्प्रिंग किती हलते) ०.९५ धरू. रेटला तो वर्ग करून लागतो, म्हणजे ०.९. डबल विशबोनवाल्यांनी (चाकाला वरखाली दोन आर्म असतात तो प्रकार) हे आकडे उचलू नका, तिथे रेशो बराच कमी असतो आणि वर्ग केल्यावर हिशोब पार बदलतो.

आता फ्रिक्वेन्सी, म्हणजे गाडी स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा डोलते. चाकापाशी मिळणारा रेट न्यूटन प्रति मीटरमध्ये घ्या, भागिले वजन, वर्गमूळ, आणि ६.२८ ने भागा. तुमच्या ८ किलोला पुढे २.५३ हर्ट्झ येतं आणि मागे १० किलोलाही २.५३. साध्या घरगुती गाड्या १ ते १.५ मध्ये असतात, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कार साधारण १.५ ते २, विंग नसलेल्या ट्रॅकच्या गाड्या २ ते २.५. तर तुम्ही रेसची गाडी घेऊन गंगापूर रोडला भाजी आणायला जाताय.

आणि टक् आवाज. पुढे स्प्रिंगवर वजन २८० भागिले ०.९५ म्हणजे २९५ किलो. ८ किलोच्या रेटला ती दबते ३७ मिमी. पण चाक खाली जातं ४५. म्हणजे चाक पूर्ण लोंबकळलं की स्प्रिंग ८ मिमी सैल! खड्ड्यात चाक उतरतं, स्प्रिंग कॉलरवरून सुटते, परत आदळते. मागेही तेच, ३६८ किलोला ३७ मिमी दबते आणि चाक जातं ५०, तिथे १३ मिमी सैल. मागचा आवाज इंजिनच्या गोंगाटात दबत असेल.

गंगापूररोडकर
आयला! इतके दिवस बुश बदला बुश बदला चाललेलं.

घाटकरी_नाशिक
मग हेल्पर स्प्रिंग टाकून विषय संपतो की. चपट्या पट्टीची असते ती, रेट नसल्यातच जमा, गाडी उभी राहिली की पूर्ण चपटी होऊन बसते, चाक लोंबकळलं की फक्त मुख्य स्प्रिंगला जागेवर धरून ठेवते. माझ्या रॅलीच्या जुन्या गाडीत होती.

सई_के
आवाज जाईल, मान हलायची तशीच हलेल. आणि चपटी झालेली हेल्पर अधिक मधली रिंग यांची जाडी धरावी लागते, तेवढी कॉलर खाली न्यायची. हेल्पर आणि टेंडर यातही गल्लत करू नका. टेंडरला खरा रेट असतो. दोन स्प्रिंगा एकावर एक ठेवल्या की गुणाकार भागिले बेरीज असा एकत्र रेट मिळतो, ६ वर ३ ठेवली तर सुरुवातीला २ किलोच, टेंडर चिकटली की मग ६. ती चिकटायची जागा वळणाच्या मधोमध आली तर गाडी मध्येच स्वभाव बदलते, घाटात नको ते.

इथे मुळात रेट कमी करायचाय, आणि रेट कमी केला की स्प्रिंग जास्त दबते आणि सैल होण्याचा प्रश्न आपोआप मिटतो.

अंबड_वायर
मी स्प्रिंगच्याच धंद्यात आहे, अंबडला, गाड्यांच्या नाही पण मशिनरीच्या. लोकं ४ किलोची मऊ स्प्रिंग घेतात आणि लांबी तीच १५० ठेवतात, आणि मग गुंडाळ्या चिकटतात. रेट तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि गुंडाळीच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने आणि गुंडाळ्यांच्या संख्येने कमी होतो. १२ ची तार १२.५ केली तर रेट जवळजवळ १८ टक्के वर. म्हणून कोणी ‘मी इथेच बनवून देतो स्वस्तात’ म्हणाला तर तारेचा टॉलरन्स विचारा. शॉट पीनिंग (छर्‍यांचा मारा करून तारेचा पृष्ठभाग मजबूत करणं) करतो का आणि बनवल्यावर पूर्ण दाबून सेट करतो का तेही विचारा, नाहीतर महिन्याभरात स्प्रिंग बसते आणि गाडी एका बाजूला झुकते. मी स्वतः याच धंद्यात असून सांगतो, गाडीची स्प्रिंग तयार ब्रँडची घ्या.

आणि डेटाशीटमध्ये ब्लॉक लेंथ बघा. पूर्ण दबल्यावर उरलेली लांबी. मोकळी लांबी वजा ब्लॉक लेंथ हाच खरा प्रवास, आणि त्यातलेही शेवटचे पाच-सात मिमी वापरायचे नसतात.

सई_के
अगदी. आता याच चौकटीत रेट बसवू. पुढे तीन पर्याय:

४ किलो: १.८ हर्ट्झ. वजनाखाली ७४ दबेल, वर जायला ६५ (४५ अधिक बफरचे २०), एकूण १३९. खाली ४५ गेलं तरी २९ दबलेली राहते, सैल होत नाही. पण १३९ अधिक थोडी सूट म्हणजे २०३ मिमीत बसणं अवघड, २२८ लागेल.

४.५ किलो: १.९ हर्ट्झ. ६६ दबेल, एकूण १३१. पूर्ण खाली २१ शिल्लक. २०३ मिमीत बसेल जर ब्लॉक लेंथ ६५ च्या आत असेल.

५ किलो: २ हर्ट्झ. ५९, एकूण १२४. २०३ आरामात.

आरामासाठी मला ४ आवडली असती. पण लांबीचा दुसरा टोकाचा प्रश्न आहे. उंची आत्ताचीच ठेवायची तर आत्ता तुमची दबलेली स्प्रिंग ११३ मिमी आहे (१५० वजा ३७). २२८ ची ४ किलो दबून १५४ होते, म्हणजे कॉलर ४१ मिमी खाली. २०३ ची ४.५ किलो दबून १३७, म्हणजे २४ खाली. स्ट्रटला कॉलर खाली गेली की ती टायरच्या आतल्या बाजूला येते. खाली किती जागा आहे मोजून सांगा.

गंगापूररोडकर
मोजलं. टायरच्या खांद्याच्या वर ३० मिमी, त्याच्या खाली गेलो की कॉलर आणि टायर यांच्यात बोट जात नाही. स्पेसर टाकायचा नाहीये मला. म्हणजे ४१ बाद.

पण मला उंची १० मिमी वाढवायचीय, तेव्हा कॉलर २४ ऐवजी १४ च खाली जाईल ना?

सई_के
हो. आणि १० मिमी उचललीत तर वर जायला ७५ आणि खाली ३५ होतील, तेव्हा स्प्रिंगचा एकूण दाब ६६ अधिक ७५ म्हणजे १४१ होतो. हे लोक विसरतात. डेटाशीट मागवा.

घाटकरी_नाशिक
उंचीवरून एक सांगतो, मॅकफर्सनला गाडी खाली केली की रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं, त्यामुळे गाडी खाली असूनही वळणात जास्त कलते आणि लोक म्हणतात अजून कडक स्प्रिंग हवी. थोडी वर घेतलीस तर मऊ स्प्रिंगवरही कमी कलेल. रॅलीवाले उगाच नाही उंच चालवत.

गंगापूररोडकर
डेटाशीट आलं. २०३ लांब, ४.५ किलो, ब्लॉक ६४. म्हणजे प्रवास १३९. १० मिमी उचलली तर १४१ लागतात, नाही बसत.

५ मिमी उचलली तर १३६, तीन मिमी उरतात, जीवावर उदार.

अंबड_वायर
तीन मिमीवर खड्डे पेलायचे असतील तर नको. बफरच्या खाली दांड्यावर पॅकर टाक ५ मिमीचा, बफर लवकर लागेल आणि चाकाचा वरचा प्रवास तेवढा कमी. स्प्रिंग सॉलिड होण्यापेक्षा बफरवर बसणं शंभर पटीने बरं, बफर हळूहळू कडक होतो, सॉलिड स्प्रिंग एकदम लोखंडी खांब होते आणि टॉप माउंट फाडते.

सई_के
मान्य. ५ मिमी उचला अधिक ५ मिमी पॅकर, म्हणजे १३१ आणि ८ मिमी हातात. कॉलर १९ खाली, टायरलाही जागा.

मागे: ६ किलोला १.९६ हर्ट्झ. दबेल ६१, वर ६०, एकूण १२१, खाली ५० गेलं तरी ११ शिल्लक. २०३ मध्ये बसायला हवी, ब्लॉक लेंथ बघून. मागे टायरच्या आतली जागा वेगळी मोजा.

मला खरं मागे ७ हवी होती. कारण मॉरिस ऑलीने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये दाखवून दिलेली गोष्ट, की उंचवटा पुढच्या चाकाला आधी लागतो, मागच्याला नंतर, तर मागचं टोक थोडं लवकर डोलेल असं ठेवलं की ते पुढच्याला गाठतं आणि गाडी पुढेमागे डुलत राहत नाही. साधारण १० ते २० टक्के जास्त. केमनचा व्हीलबेस २४१५ मिमी, ८० च्या वेगाला पुढच्या आणि मागच्या चाकात फक्त ०.११ सेकंदाचा फरक पडतो. ७ ला २.११ हर्ट्झ येतं, म्हणजे ११ टक्के वर.

घाटकरी_नाशिक
सई, इथे माझं तुझ्याशी जमणार नाही. पुढे ४.५ आणि मागे ७ म्हणजे कडकपणा मागे सरकला. आत्ताचं प्रमाण ८ ला १०, म्हणजे ०.८. साडेचारला सात म्हणजे ०.६४. मधल्या इंजिनची गाडी, जुलैतला कसारा, समोर धुकं आणि बाजूला ट्रक. वळणात ॲक्सिलरेटर सोडला की मागचं टोक पुढे यायला बघेल. डुललेली गाडी परवडली, फिरलेली नाही परवडत.

सई_के
म्हणून तर ६ लिहिलं. साडेचारला सहा म्हणजे ०.७५.

घाटकरी_नाशिक
५.५ घे म्हणतो मी. ०.८२, जुन्याच्या जवळ.

सई_के
५.५ ला मागे १.८७ येतं, पुढच्यापेक्षाही कमी. समृद्धीच्या काँक्रीटच्या जॉइंटवर गाडी घोड्यासारखी पुढेमागे होईल, गाडीवान म्हणेल यापेक्षा कडक बरी होती. ६ ठेवा आणि उरलेला तोल अँटिरोल बारने (डावीउजवी चाकं जोडून गाडीचं कलणं रोखणारी दांडी) काढा, मागचा बार एक भोक मऊ, पुढचा एक भोक कडक. बार ॲडजस्टेबल आहेत का?

गंगापूररोडकर
पुढचा आहे, मागचा कंपनीचा.

घाटकरी_नाशिक
पुढचा एक भोक कडक कर आणि पहिला पाऊस पडेपर्यंत मोकळ्या रस्त्यावर नीट ओळख करून घे. पटलं नाही तरी जुळतंय.

नाना_सातपूर
एवढं गणित आमच्या वेळी इंजिनाला पण नव्हतं. पण शॉकअपचं काय? ते ८-१० साठी भरलेले ना?

सई_के
नाना, खरा प्रश्न तुम्हीच विचारलात. लागणारं डॅम्पिंग रेटच्या वर्गमुळाने बदलतं. ८ वरून ४.५ म्हणजे पाऊण. तर डॅम्पर आता जास्त कडक पडतील, विशेषतः परतीच्या वेळी (दबलेली स्प्रिंग उघडताना). ओळीने तीनचार खड्डे आले की स्प्रिंग पूर्ण उघडायच्या आत पुढचा खड्डा, गाडी हळूहळू खाली खाली बसत जाते आणि बफरवर येते, आणि माणसाला वाटतं स्प्रिंग फारच मऊ पडली. आधी नॉब सगळ्यात मऊ क्लिकला ठेवा. बऱ्याच किटमध्ये तो नॉब मुख्यतः परतीवरच काम करतो त्यामुळे बरंच निभावेल. नाही निभावलं तर डॅम्पर उघडून शिम (आतल्या व्हॉल्व्हच्या पातळ चकत्या) बदलणं, ते ज्याच्याकडे डॅम्पर डायनो (डॅम्परचा जोर मोजायचं यंत्र) आहे त्याच्याकडेच करा.

अजून_एक_नाशिककर
आरटीओचं कोणी बोललं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, मूळ स्पेसिफिकेशन बदललं की प्रश्न येऊ शकतो. इन्शुरन्सवाल्याला आणि आरटीओला आधीच विचारून घे, क्लेमच्या वेळी नाही.

गंगापूररोडकर
रास्त आहे, विचारतो.

गंगापूररोडकर
अपडेट. पुढे २०३ / ४.५, मागे २०३ / ६ (ब्लॉक ७३, प्रवास १३०), आतला व्यास ६० च. दुकानदार ६५ ची देत होता, म्हणे चालते सगळ्यांना. घेतली नाही, कॉलरवर सरकली असती.

बसवताना दोन गोष्टी: आधीची स्प्रिंग सैल असल्याने हाताने निघाली, नवीन मात्र उघड्या स्थितीतही दबलेली राहते, तेव्हा कंप्रेसर लावूनच. आणि कंट्रोल आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून मगच शेवटचे आवळले, लटकत असताना आवळले तर बुश पिळलेली राहतात. मग अलाइनमेंट, हेडलाइटचा ॲंगलही पाहिला.

प्रत्येक दांड्यावर केबल टाय बांधून (तो सरकतो त्यावरून दांडा किती आत गेला ते कळतं) त्र्यंबक रोडने पहिनेपर्यंत जाऊन आलो. पुढचा टाय बफरला जेमतेम टेकलेला, मागचा बफरच्या अलीकडे १२ मिमी. टक् आवाज गेला. स्पीडब्रेकरला आता गाडी उतरते, आधी आपटायची. वेगात ओळीने खड्डे आले की सई म्हणाली तसं थोडं खाली बसल्यासारखं होतं, पण नॉब शेवटच्या क्लिकवर आहे, एवढ्यावर भागवतो आणि पावसाळ्यानंतर शिमचं बघतो.

सई_के
मागे १२ उरतायत तर मागचा बफर बदलायचं काही कारण नाही. पुढचे टाय कसाऱ्यात दोघं बसून आणि सामान टाकून एकदा बघा, तो आकडा खरा.

मेकॅनिक_भाऊ_निफाड
जुन्या ८-१० विकायच्यात का? माझ्याकडे ट्रॅकसाठी हलकी गाडी आहे, पुढे ८ लागतायत, वेल्डिंग करून कॉलर बदलायची तयारी आहे.

गंगापूररोडकर
विकायच्यात. ६० आयडी, १५० मिमी. व्यनि करा.

अंबड_वायर
घेण्याआधी चारही सपाट टेबलावर उभ्या करून लांबी मोज. ८ च्या जोडीत दोघींत दोन मिमीपेक्षा जास्त फरक आला तर एक बसलीय, घेऊ नको. आणि कॉलरला वेल्डिंग अजिबात नको, लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची रिंग काढून घे.